दोरवाल्यांचं गिऱ्हाईक

फुकटच्या वकिलाचं एक बरं असतं, त्याला घाई नसते. ताईंच्या नवऱ्याचा हा मावसभाऊ सकाळी चहाला म्हणून आला होता, आता तिसरा चहा चालू होता आणि बोलणं अजून त्याच्या स्वतःच्या गुडघेदुखीवरच होतं. वहिनी ट्रे घेऊन आत-बाहेर करत होत्या. त्यांचं लक्ष कपांवर कमी आणि बोलण्यावर जास्त होतं. दुपारी जमीन खात्याचे साहेब दोरपट्टीवर पाहणीला यायचे होते, आणि त्या दोरपट्टीच्या भरवशावर वहिनींनी मनातल्या मनात एक अख्खं घर बांधून ठेवलं होतं.

दोरपट्टी म्हणजे शहराच्या टोकाची ती लांबच लांब, चिंचोळी जागा. रुंदीला जेमतेम एक गाडी जाईल एवढी, आणि लांबी अशी की या टोकाची हाक त्या टोकाला पोचू नये. कागदावर मालक आबा, म्हणजे वहिनींचे सासरे. ते गेल्यावर दादा, ताई आणि भाऊजी अशी तिघा भावंडांची नावं चढली. कागदाबाहेर मात्र तिथं दोरवाले होते. आबांच्या वडिलांच्याही आधीपासून ती माणसं कमरेला वाखाचा पुंजका बांधून, चाकाकडे तोंड करून, उलटं चालत चालत दोर वळत आली होती. जेवढा लांब दोर, तेवढी लांब जागा लागते, त्यामुळे त्यांना दुसरीकडे जा म्हणून सांगणंही सोपं नव्हतं. इतकी वर्षं कुणी सांगितलंही नव्हतं. आता शेजारून मोठा रस्ता गेला, एक बिल्डर दारात चकरा मारू लागला, आणि जागा मोकळी करून द्या, मग बघा, म्हणाला. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना दोरवाले दिसायला लागले.

भाऊजींचं बाथरूमच्या टाइल्सचं दुकान होतं. दुकानात टाइल्स सोडून दुसरं कुणी फिरकत नसे. ताईंना मुलाला परदेशी शिकायला पाठवायचं होतं. मुलाला जायचं होतं की नाही हे अजून कुणी विचारलं नव्हतं. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना काहीच नको होतं, फक्त आबांचं नाव राहावं अशी इच्छा होती, आणि नाव राहण्यासाठी जागा विकावी हे त्यांना कुणीतरी पटवून दिलं होतं.

वहिनींना काय हवंय हा प्रश्न यादीत नव्हता. त्यांना घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या हव्या होत्या. पडक्याच होत्या त्या, जुनं सामान कोंबलेल्या. पण तिथं स्वतःचा ओटा घालता आला असता, आणि अंगणात उघडणारं स्वतःचं दार. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहत होत्या. वरच्या मजल्यावर जायचं तर वाट तिथूनच, धुणं वाळत घालायचं तर तिथूनच. आंघोळ करून आल्यावर केस पुसायलाही एवढ्याशा खोलीत निवांतपणा नाही. आतून कडी लावता येईल असं एक दार, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते त्यांनी आजवर तोंडातून काढलेलं नव्हतं.

"तर मुद्दा असा," वकील एकदाचा मुद्द्यावर आला, "साहेब आज एकच गोष्ट बघणार. ही माणसं तिथं कुणाच्या परवानगीनं बसलीत? तुमच्या परवानगीनं असतील, तर तुम्ही उठा म्हटलं की त्यांनी उठायचं. पण ती म्हणतायत, आम्ही कुणाला विचारलं नाही, कुणाला काही दिलं नाही, पिढ्यानपिढ्या उघडउघड बसलोय, तेव्हा वहिवाटीनं जागा आमची. मला सांगा, त्यांच्याकडून कधी काही घेतलंत? भाडं, खंड, काहीही?"

"भाडं नाही," दादा म्हणाले. "दोर यायचा. दर वर्षी हंगामाचा पहिला दोर आपल्या दारात. मान म्हणून."

वकिलानं कप खाली ठेवला. गुडघा बहुतेक दुखायचा थांबला असावा. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! पहिला दोर मालकाला. म्हणजे तुम्ही मालक आहात हे त्यांनी दर वर्षी कबूल केलं. संपला विषय!"

आता इथं भाऊजी गप्प बसले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण भाऊजींना आबांचा विषय निघाला की भरतं यायचं.

"आणि आबा कसे, माहितीय? दोर आला की त्याचे बाजारभावानं पैसे! एक वर्ष चुकलं नाही. आमच्या घराण्यानं कुणाची सुतळीसुद्धा फुकट घेतलेली नाही, वकीलसाहेब!"

वकील खुर्चीत पुढं सरकला. "पैसे दिले?"

"दिले म्हणजे? रोख!"

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"मग तुम्ही मालक कसले?" वकील म्हणाला. "तुम्ही त्यांचं गिऱ्हाईक झालात."

मग सगळे एकदम बोलले. ताई म्हणाल्या, आबांचा ताठाच नडला, जन्मभर तेच केलं त्यांनी. दादा म्हणाले, आबांना मध्ये आणायचं काम नाही, भाऊला तोंड आवरता येत नाही हे खरं. भाऊजी म्हणाले, मी खरं बोललो तर चोर, मग तुम्हीच बघा सगळं. वकिलानं चौथा चहा मागितला.

"पैसे नेऊन कोण द्यायचं?" त्यानं विचारलं.

तिघांनीही वहिनींकडे पाहिलं. वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

देत होत्या त्याच. नवी सून म्हणून आल्या त्याच वर्षी आबांनी हातावर पैसे ठेवून सांगितलं होतं, माझ्याकडून ती माणसं घेत नाहीत, तू जा आणि दिल्याशिवाय परत येऊ नकोस. दोरवाल्यांची चाकवाली आजी तेव्हा आजी नव्हती, चांगली धडधाकट बाई होती. तिनं पैसे बघितले आणि असा काही तोंडाचा पट्टा सोडला, की वहिनी रडत रडत परत आल्या. आबांनी पुन्हा पाठवलं. पुढच्या वर्षी वहिनींनी पैसे गुपचूप चाकाखालच्या दगडाशी ठेवले आणि पळ काढला. त्यानंतर कधीतरी आजीनं मुकाट्यानं घ्यायला सुरुवात केली, आणि मग तर दोघींचं चांगलंच जमलं. वर्षातनं एकदा का होईना, या घराबाहेर बसून गप्पा मारायला ती एक जागा होती. तिथल्या चाकाची घरघर चालू असली की कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, त्यामुळे वहिनी तिथं मनातलं बोलून यायच्या.

"मग सोपंय," वकील म्हणाला. "दोर हाताळला कुणी? यांनी. साहेब यांनाच विचारणार. वहिनी, तुम्ही एवढंच म्हणायचं, दोर मान म्हणून यायचा, आम्ही ठेवून घ्यायचो. पैशांचं नावच काढायचं नाही."

"खोटं थोडंच आहे?" ताई म्हणाल्या. "यायचाच की मान म्हणून."

खोटं बोलायला वहिनींची काही ना नव्हती, हे इथं सांगून टाकलेलं बरं. एवढ्या मोठ्या कुटुंबात राहायचं म्हणजे बाईला रोजच्या रोज खोटं बोलावं लागतं. मला भूकच नव्हती, मी कुठं दमलेय, तुम्ही बोललात त्याचं मला काही वाटलं नाही. त्यात आणखी एक. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर, पुरुषमाणसांच्या बरोबरीनं, बसल्या.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "मला मागच्या दोन खोल्या दुरुस्त करून द्या. आणि माझ्या नावावर करा."

भाऊजींना हसू आलं, मग ते थांबलं. "मागच्या? अहो वहिनी, तिथं मी गोदाम करणार आहे!"

"भाऊ, गप्प बैस," ताई म्हणाल्या. "बरोबर आहे तिचं. जन्म गेला तिचा या घरात राबण्यात. दोन खोल्या काय जड आहेत का तुम्हाला?"

वहिनींना ताईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. नणंद अशी बाजू घेते हे त्यांना अपेक्षितच नव्हतं.

"जड कशाला," वकील म्हणाला. "घर तिघांच्या समाईक नावावर आहे. म्हणजे खोल्या तिघांच्या हिश्श्यातून जातील."

"तिघांच्या?" ताईंनी विचारलं.

"तुमच्यासुद्धा."

ताई जरा सावरून बसल्या. "पण वहिनी, मी म्हणते, नावाचं एवढं काय गं? तुझंच तर घर आहे. नाव काय, कागदावर असतं."

"मग असू दे की कागदावर," वहिनी म्हणाल्या. "दोरपट्टीचं पण कागदावरच आहे."

आता दादांना बोलणं भाग होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. खात्यात असताना दुकानदाराचा तराजू जप्त करण्यापूर्वी ते असाच पुसायचे. "हे बघ, या घराण्यात आजवर कुठल्या सुनेच्या नावावर एक वीट नाही. माझ्या आईच्या नव्हती. तुला कुणी बाहेर काढतंय का? इतकी वर्षं राहतेयस, कुणी अडवलंय?"

"दोरवाल्यांनाही कुणी अडवलं नव्हतं."

"काय बोलताय वहिनी!" भाऊजी म्हणाले. "नुसतं राहून कुणी मालक होत नसतो. हेच तर आज साहेबांना पटवायचंय!"

वकील मान हलवून हो म्हणाला. वहिनी उठल्या, कप गोळा केले आणि आत गेल्या.

दादा थोड्या वेळानं पाणी प्यायला म्हणून आत आले. माणूस वाईट नव्हता. बायकोचा चेहरा उतरला की त्यांना जेवण जात नसे, फक्त त्यावर काय करायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"रागावलीस?"

"नाही." हे रोजच्यातलंच एक खोटं.

"व्यवहार होऊ दे. मग बघू आपण खोल्यांचं."

"लिहून द्या."

दादांचा हात तांब्यावरच राहिला. "नवऱ्याकडून लिहून घेणार तू?"

"बिल्डरकडून घेताय ना तुम्ही?"

"तो परका माणूस आहे."

"म्हणून त्याला सगळं लेखी मिळतं," वहिनी म्हणाल्या. "मी घरची ना. मला नुसतं बघू."

दादा पाणी न पिताच बाहेर गेले.

दुपारी सगळी वरात दोरपट्टीवर पोचली. भाऊजींनी साहेबांसाठी दुकानातली गादीची खुर्ची आणली होती. बिल्डर रस्त्याच्या कडेला गाडीत काचा लावून बसला होता, म्हणजे तो तिथं नव्हता असं धरायचं होतं. पट्टीवर ठरावीक अंतरानं लाकडी खुंट रोवलेले, त्यांच्यावर अर्धवट वळलेला दोर पेललेला. मधोमध जमीन खोलगट झाली होती. पिढ्यानपिढ्या उलटं चालणाऱ्या टाचांनी ती झिजवली होती. साहेबांनी त्या खोलगट भागात पाय घालून पाहिला आणि खुर्चीवर येऊन घाम पुसत बसले. कारकून शेजारी स्टुलावर कागद मांडीवर घेऊन तयार होता.

चाकवाल्या आजीला आता कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिचा जबाब अख्ख्या पट्टीनं ऐकला.

"कुणाला काय दिलं नाय! दोर इकला. यांना इकला, त्यांना इकला."

"मालकांना मान म्हणून देत होता की नाही?" वकिलानं विचारलं.

"देत हुतो की! पण घ्यायचा नाय तो बाबा. पैशे टाकायचा. लय माज!" आजीनं वहिनींकडे बोट केलं. "ही काय सून उभी. हिलाच इचारा."

आजीचा थोरला मुलगा तिच्या मागं उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल. तो मधूनमधून रस्त्यावरच्या त्या गाडीकडे बघत होता.

साहेबांनी वहिनींना पुढं बोलावलं. वहिनी दोन पावलं आल्या, आणि दादांच्या शेजारी थांबल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "त्या खोल्यांचं?"

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. लेखी राहू दे, नावावर राहू दे, नुसती मान हलवली असती तरी वहिनींनी साहेबांपुढं डोळ्यांचं पातं न हलवता हवं ते सांगितलं असतं.

"इथं तमाशा नको," दादा समोर बघत म्हणाले.

वहिनी पुढं झाल्या.

"दोर तुमच्याकडे यायचा?" साहेबांनी विचारलं.

"यायचा."

"मान म्हणून ठेवून घ्यायचात?"

वकील लगबगीनं मान डोलावत होता. वहिनींना त्याची जरा कीवच आली.

"नाही. पैसे द्यायचो. मीच आणून द्यायची. सुट्टे नसले तर राहिलेले पैसे या परत द्यायच्या." त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "एकदा दोर मधेच विरलेला निघाला. तर मी परत आणला आणि दुसरा बदलून घेतला."

साहेबांनी मान वर केली. "बदलून घेतला?"

"कुरकुर केली यांनी. पण दिला."

"कुरकुर कुठं?" आजी ओरडली. "लगेच दिला!"

भाऊजींचा तोल सुटला. "साहेब, यांचं काही लिहून घेऊ नका! यांचा या जागेशी काय संबंध? यांचा एका इंचाचा हिस्सा नाही इथं!"

"नाही?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात नाही! कागद बघा. आमच्या घराण्यात सुनांच्या नावावर काही नसतंच. विचारा दादाला!"

वकिलानं कपाळाला हात लावला. तो एकटाच काय ते समजला होता, पण उशीर झाला होता. साहेब दादांकडे वळले. "खरं आहे?"

दादा जन्मात कधी चुकीच्या वजनावर शिक्का मारणारे नव्हते. "खरं आहे," ते म्हणाले.

"म्हणजे जागा कुणालाही गेली तरी बाईंचा फायदाही नाही आणि तोटाही नाही." साहेब कारकुनाला सांगू लागले, सावकाश, त्याला लिहिता यावं म्हणून. "घ्या. सदर साक्षीदार मालकांच्या कुटुंबातील असूनही त्यांचा जागेत कोणताही हिस्सा अथवा हितसंबंध नसल्याचे मालकांनी स्वतः सांगितले. सबब त्यांचा जबाब विश्वासार्ह धरण्यात येत आहे."

रस्त्यावरच्या गाडीचं दार उघडलं. बिल्डर उतरला, तिथं नसल्याचं विसरून सरळ पट्टीवर आला, भाऊजींच्या जवळून गेला, आणि आजीच्या थोरल्या मुलाला हसून म्हणाला, "काय, चहा घेऊ या का?" मुलगा लगेच निघाला. आजी मागून ओरडत होती, कुठं चाललास, चाक कोण फिरवणार? त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

ताई रडकुंडीला आल्या होत्या. भाऊजी गादीची खुर्ची उचलायला गेले, तर साहेब अजून तिच्यावर बसलेले. दोन खोल्या गेल्या होत्या, ओटा गेला होता, दार गेलं होतं. वहिनींना फार वाईट वाटत होतं, आणि खरं बोलल्याचं समाधान वगैरे म्हणतात ते कुठं जाणवत नव्हतं. आता याच माणसांबरोबर एकाच गाडीतून घरी जायचं आणि संध्याकाळचा स्वयंपाक करायचा होता.

दादा जवळ आले. "घालवलंस सगळं," ते म्हणाले. "काय मिळालं तुला?"

"काही मिळणारच नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच आत्ता सांगितलंत ना साहेबांना?"

"बाई, सही राहिली," कारकुनानं हाक मारली. "आणि राहण्याचा पत्ता सांगा."

वहिनींनी पत्ता सांगितला. कारकुनानं तो लिहून घेतला आणि पेन पुढच्या रकान्यावर टेकवलं.

"घर स्वतःच्या मालकीचं, की भाड्याचं?"

वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादा खाली, त्या झिजलेल्या जमिनीकडे बघत होते.

"दोन्ही नाही," वहिनी म्हणाल्या. "वहिवाटीचं लिहा."